शब्दचर्चा : ‘डेड मनी’ला बुडीत पैसा म्हणावे का?

चौकस
मार्च उजाडला की अमेरिकी फुटबॉलच्या, म्हणजे एनएफएलच्या, बातम्यांत खेळापेक्षा जमाखर्चच जास्त असतो. मराठीत लिहिताना ‘सॅलरी कॅप’ला पगारमर्यादा, ‘डेड मनी’ला बुडीत पैसा, ‘रिस्ट्रक्चर’ला पगारकपात आणि ‘ट्रेड’ला बदली म्हटलेले चालेल का? वाचताना खटकते, पण नेमके काय खटकते ते सांगता येत नाही.

एडिसनकर
पगारमर्यादा चालेल, फक्त कोणाची ते सांगा. नुसते वाचले की एका खेळाडूला अमुकपेक्षा जास्त द्यायचे नाही असे वाटते. मर्यादा असते अख्ख्या संघाची. १९९४ साली सुरू झाली तेव्हा ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ साली २७ कोटी ९२ लाख. करोनामुळे २०२१ साली ती १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर उतरली आणि भल्याभल्यांचे हिशेब कोसळले. मार्चच्या मध्यावर लीगचे नवे वर्ष सुरू होते, त्या दिवशी पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी ४ वाजता प्रत्येक संघ मर्यादेच्या आत असावाच लागतो. मात्र हंगाम सुरू होईपर्यंत यादीतले सर्वांत महाग ५१ करारच मोजतात. न वापरलेली रक्कम पुढच्या वर्षी नेता येते, त्यामुळे प्रत्येक संघाची प्रत्यक्ष मर्यादा थोडी वेगळी निघते.

आयपीएलची ‘पर्स’ डोळ्यांपुढे ठेवून हे वाचू नका. तिथे लिलावातली बोली पर्समधून सरळ वजा होते. इथे हातात दिलेला पैसा वेगळा आणि कॅपवर धरलेला पैसा वेगळा. सगळी गंमत या फरकात आहे.

(मिलियनचे कोटी करताना दहाने भागायचे. घाईत भागायचे राहते आणि कॅप दहापट होते.)

हिशेबनीस
‘बुडीत’ला माझा ठाम विरोध. बुडीत म्हणजे आपले येणे होते, ते आले नाही. डेड मनीत कोणाकडून काही येणे नसते. पैसे आपणच दिलेले असतात, फक्त वहीत खर्ची टाकायचे उरलेले असतात. उदाहरण घ्या.

चार वर्षांचा करार, सहीच्या वेळी २ कोटी डॉलर बोनस. तो खेळाडूला लगेच मिळाला तरी कॅपवर चार वर्षांत वाटून पडतो, म्हणजे वर्षाला ५० लाख. असा बोनस जास्तीत जास्त पाच वर्षांत पसरता येतो. आता तिसऱ्या वर्षाचा मूळ पगार १ कोटी ५० लाख आहे आणि त्याची हमी नाही असे धरा. त्या वर्षीचा कॅपवरचा आकडा २ कोटी. त्याआधीच मार्चमध्ये खेळाडूला नारळ दिला, तर पगार वाचतो, पण उरलेल्या दोन वर्षांचे ५०-५० लाख एकदम याच वर्षात येऊन बसतात. हा १ कोटीचा डेड मनी. कॅपवर मोकळी झालेली जागा १ कोटीच.

आमच्या धंद्यात याला घसारा म्हणतात. यंत्र पाच वर्षांचे धरून घेतले, तिसऱ्या वर्षी भंगारात काढले, तर उरलेली पुस्तकी किंमत त्याच वर्षी खर्ची पडते. म्हणून ‘उरलेला घसारा’.

चौकस
मग वर्षाच्या ५० लाखांना हप्ता म्हणू का?

हिशेबनीस
नको. हप्ता म्हटले की पैसे अजून फेडायचे आहेत असे वाटते. ‘वाटणी’ म्हणा.

एडिसनकर
हिशेबनीसराव, घसारा सुंदर आहे, पण अर्धाच बसतो. डेन्व्हर ब्राँकोजनी २०२४ साली रसेल विल्सनला सोडले तेव्हा ८ कोटी ५० लाखांचा डेड मनी झाला. त्यातले ३ कोटी ९० लाख त्या वर्षीच्या हमी दिलेल्या पगाराचे होते, म्हणजे तेव्हा अजून द्यायचेच होते. तेव्हा डेड मनी म्हणजे न वाटलेला बोनस अधिक हमीचा पगार. खेळाडू गेला तरी त्याच्या नावाने जे कॅपवर उरते ते सगळे.

विल्सनचा आकडा २०२४ मध्ये ५ कोटी ३० लाख आणि २०२५ मध्ये ३ कोटी २० लाख असा फोडला होता. ही १ जूनची सोय. एका संघाला वर्षात दोन खेळाडू ‘१ जूननंतर सोडले’ अशा शिक्क्याने मार्चमध्येच सोडता येतात. मग चालू वर्षाची वाटणी या वर्षी आणि बाकीची पुढच्या वर्षी. वरच्या उदाहरणात यंदा ५० लाख डेड मनी आणि दीड कोटी मोकळे. पण फसगत इथेच होते. मोकळी जागा २ जूनला हाती येते, तोवर पूर्ण २ कोटी कॅपवर तसेच. मार्चच्या खरेदीला त्यांचा उपयोग शून्य.

शब्दपारखी
एवढे सगळे सामावून घेईल असा शब्द आपल्याकडे आहे : बोजा. सातबाऱ्यावर बोजा चढतो, कर्ज फिटले की उतरतो. ‘कॅप हिट’ला कॅपवरचा बोजा म्हणा, डेड मनीला मागे उरलेला बोजा. ‘मृत पैसा’ मात्र कृपा करून नको, ते स्मशानातल्या पावतीसारखे वाटते.

एकच सावधगिरी. सातबाऱ्यावरचा बोजा जमिनीबरोबर घेणाऱ्याकडे जातो. इथे उलटे आहे ना?

एडिसनकर
अगदी उलटे. ट्रेडमध्ये मूळ पगार नव्या संघाकडे जातो आणि बोनसचा बोजा देणाऱ्याच्याच माथी राहतो. अटलांटा फाल्कन्सनी २०२२ च्या मार्चमध्ये मॅट रायनला कोल्ट्सकडे पाठवले, तर फाल्कन्सच्या कॅपवर ४ कोटी ५ लाख उरले. त्या वर्षीची मर्यादा २० कोटी ८२ लाख, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा दुसऱ्याकडून खेळणाऱ्या माणसाच्या नावे.

आणि ट्रेडला तो शिक्का मिळत नाही, खरोखर १ जून उलटावा लागतो. म्हणून त्याच फाल्कन्सनी २०२१ साली हुलिओ जोन्सला टायटन्सकडे द्यायला जूनपर्यंत दम धरला. बोजा ७७ लाख ५० हजार त्या वर्षी आणि १ कोटी ५५ लाख पुढच्या वर्षी असा विभागला गेला.

हिशेबनीस
बोजा मान्य. माझा घसारा मागे घेतो.

‘रिस्ट्रक्चर’ला पगारकपात म्हणणे मात्र साफ चूक. खेळाडूचा एक डॉलरही कमी होत नाही, उलट हंगामात आठवड्यागणिक मिळणारा पैसा आधी मिळतो. वरचाच खेळाडू तिसऱ्या वर्षी ठेवायचा आहे असे समजा. १ कोटी ५० लाखांच्या पगारातले १ कोटी २५ लाख बोनस करून टाकायचे. कराराची दोनच वर्षे उरली आहेत, म्हणून शेवटी तीन नावापुरती वर्षे जोडायची, जी खेळली जाणारच नाहीत. पाच वर्षांत वाटणी २५ लाखांची. यंदाचा बोजा २५ लाख पगार, २५ लाख नवी वाटणी आणि ५० लाख जुनी, असा २ कोटींवरून १ कोटीवर येतो. पण चौथे वर्ष संपून करार सुटला की त्या तीन वर्षांचे ७५ लाख एका दमात अंगावर येतात.

शब्दपारखी
पुनर्रचनाही नको. कर्जाची पुनर्रचना म्हटली की देणेकऱ्याची नड आणि सावकाराची सूट आठवते. ‘बोजा पुढे ढकलणे’ हे रोखठोक आहे. ‘व्हॉइड इयर्स’ना ‘नावापुरती वर्षे’ हे तर तुम्ही बोलता बोलताच घडवलेत.

चौकस
बदलीचे काय?

शब्दपारखी
बदली खेळाडू म्हणजे आपल्याकडे मैदानात दुसऱ्याऐवजी उतरणारा, तेव्हा बाद. ‘फ्रँचाइझ टॅग’ला राखीव म्हणण्यातही हाच घोटाळा. राखीव खेळाडू बाकावर बसतो, टॅग मात्र करार संपलेल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूला आणखी एक वर्ष बांधून ठेवायला लावतात. दोन्ही इंग्रजी शब्दच राहू द्या. आयपीएलमुळे ट्रेड घरोघरी पोचलाच आहे.

अवांतर : अर्थाने सर्वांत जवळचा शब्द साटेलोटे. तुमची मुलगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. पण आता त्याला लागलेला लबाडीचा वास जात नाही.

चौकस
मग असे लिहितो : ‘फाल्कन्सनी रायनला कोल्ट्सकडे ट्रेड केले, बदल्यात तिसऱ्या फेरीची निवड मिळाली आणि ४ कोटी ५ लाखांचा बोजा फाल्कन्सच्याच कॅपवर राहिला.’

एडिसनकर
‘निवड मिळाली’ने कोणीतरी निवडून आल्यासारखे वाटते. ड्राफ्टमध्ये त्या फेरीत एक नवा खेळाडू उचलण्याची पाळी मिळाली आहे. ‘तिसऱ्या फेरीतली एक पाळी’ करा, बाकी वाक्य जसेच्या तसे.