अळ्या पळतात त्या उपाशी म्हणून नाही

या चर्चेत वर कुणी म्हटलंय की मे महिन्यात ब्लॅक सोल्जर फ्लायच्या (ओला कचरा खाणारी, कोंबड्या-माशांच्या खाद्यासाठी पाळली जाणारी माशी) अळ्या ट्रे सोडून पळतात, म्हणजे खाद्य कमी पडतंय. उलट आहे. खाद्य वाढवलं तर जास्तच पळतील. अळ्यांची गर्दी स्वतःच उष्णता करते, ट्रेतल्या अळ्या-खाद्याच्या थराचा मध्यभाग हवेपेक्षा सहज ८-१० अंशांनी तापतो. अकोल्यात बाहेर ४५ असताना शेड ३८ वर राखली तरी ट्रेच्या आत अळी टिकणार नाही. थर्मामीटर भिंतीला टांगून उपयोग नाही, थरात खुपसा. उन्हाळ्यात थर दोन इंचांपेक्षा जाड नको, आणि खाद्य सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं.

थंडाव्यासाठी ट्रेत पाणी ओतणं तर नकोच. हवा कोंडते, अमोनियाचा वास सुटतो अन् ओल्या कडेवरून अळ्या आणखी सोप्या चढतात. मुठीत दाबल्यावर एखाद-दोन थेंब निघाले की ओल बरोबर. जास्त झाली तर तुरीचं कुटार (मळणीनंतरचा कोरडा भुसा) मिसळा. आणि ज्याचा इथे कुणी उल्लेख केला नाही ते म्हणजे अंडी: आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळी हवेत ती सुकून जातात, फुटतच नाहीत. माश्या ज्यांवर अंडी घालतात त्या पट्ट्या झाकणाच्या डब्यात जाळीवर ठेवा, खाली ओलं बारदान, पण पाण्याचा थेंब अंड्यांना लागू देऊ नका.