आवाज माझा, ओठ तिचे: सोलापूरच्या अभिनेत्रींनो, अनुभव लिहा

शशिकला १९३२ साली सोलापुरात जन्मल्या. वडिलांचा धंदा बुडाला, घर मुंबईला गेलं आणि कोवळ्या वयात ही मुलगी स्टुडिओंचे उंबरे झिजवू लागली. पुढे 'आरती' आणि 'गुमराह'साठी फिल्मफेअर, २००७ साली पद्मश्री. आज कॅमेऱ्यापुढे किंवा माइकपुढे उभ्या राहणाऱ्या आपल्याकडच्या बायकांचं काय चाललंय? मोकळेपणानं लिहा.

*

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड. खाली चादरीचे माग. त्या खडखडाटातून आईला हाक ऐकू जायची तर आवाज पोटातूनच काढावा लागे.

डबिंगच्या पहिल्या कामाला सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर बसून मुंबईला गेले. काम गर्दीच्या आवाजांचं: लग्नातली कुजबुज, बाजारातला गलका. त्याचे पैसे सात महिने मिळाले नाहीत. मग एका तेलुगू सिनेमाच्या मराठी डबिंगला बोलावलं. पडद्यावरची बाई म्हणते, "वद्दु!" माझ्या कागदावर लिहिलं होतं, "थांब!" सहा टेक झाले. तिचे ओठ शेवटी गोल उघडे, माझे 'ब'वर मिटलेले. हेडफोन काढून मी म्हटलं, "सर, ती 'नको' म्हणतेय. मराठीतही 'नको'च घेऊ या, ओठही जुळतील." पुढच्याच टेकला ओके. ज्या तेलुगूची शाळेत लाज वाटायची, तिच्यामुळे त्या दिवशी मला पुढचं काम मिळालं.

बोचतं ते नावाचं. 'ओम शांती ओम'मध्ये दीपिकाचा आवाज मोना घोष शेट्टींचा, 'गुलाम'मध्ये राणीचाही त्यांचाच. किती प्रेक्षकांना ठाऊक आहे? रडणं, धापा, हुंदके, निम्मा अभिनय आवाजाचाच असतो की!

*

मालिकेच्या ऑडिशनला मला सांगितलं, "सोलापुरी हेल घालवून ये." दोन वर्षं घासून घालवला. २०१६ साली 'सैराट' आला. अकलूजची, आपल्याच जिल्ह्यातली रिंकू राजगुरू पडद्यावर मनासारखं बोलली, आणि तीच माणसं म्हणाली, "जरा गावाकडचं बोलून दाखव." मी "काय करलालीस गं?" म्हटलं, तर त्यांना ते खोटं वाटलं! त्यांना कुठल्याच गावात नसलेली गावरान मराठी हवी होती. भूमिका मी सोडली. त्याचं दुःख आजही आहे, पण आईची बोली वेडीवाकडी करून बोलणं मला जमलं नसतं.

*

आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रावर मी नैमित्तिक निवेदिका होते. नव्या मुलींसाठी एवढंच: संहितेची टाचणी काढा, पानं सुटी ठेवा, वाचून झालेलं पान उचलून अलगद बाजूला ठेवा. माइकला कागदाची सळसळ फार मोठी ऐकू येते. आणि 'चमचा'तले दोन्ही 'च' वेगळे आहेत, ते नीट म्हणा.

*

ताई, मी बी.ए.ला आहे. आवाजाचे नमुने पाठवायचेत, पण स्टुडिओचं भाडं परवडत नाही. घरी खोली घुमते. काय करू?

*

(पूर्व भागातलीच लिहितेय.) पोरी, भिंतीपासून वीतभर सोडून दोरीवर जाड सोलापुरी चादरी दुपदरी टांग, तिन्ही बाजूंनी. पंखा बंद. माइक तोंडासमोर नको, जरा तिरका धर, म्हणजे 'प', 'फ' फुटत नाहीत. घुमणं जाईल. मागाचा आवाज मात्र चादरीनं अडत नाही. आमच्या गल्लीतले माग थांबल्यावर, रात्री अकरानंतर, मी माझे पहिले नमुने केले होते. तुझ्याकडे चादरी कमी असतील तर येऊन ने, आमच्याकडे आहेत.