फिरत्या घरातला टीव्ही : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, पुढच्या महिन्यात आम्ही चौघं आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेऊन महिनाभरासाठी निघतोय. मी, नवरा आणि माझे आईबाबा. दोघंही सत्तरी ओलांडलेले. बाबांना संध्याकाळच्या बातम्या लागतात आणि आईला तिची मालिका. रोज नवी जागा, नवं अंथरूण. त्यात तो एक तास ओळखीचा असला की दोघं निवांत असतात, हे मला मागच्या छोट्या सहलीत कळलं. तेव्हा टीव्ही लागलाच नाही. बाबा काही बोलले नाहीत, पण रिमोट हातात धरून कितीतरी वेळ काळ्या पडद्यासमोर बसून होते. ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

गाडीत २४ इंची टीव्ही आहे, छतावर अँटेना आहे, डिश जोडायची सोयही आहे. माहितीपत्रकं वाचून झाली, आता माणसांचं ऐकायचंय. तुम्ही स्वतः काय वापरता, कुठे अडलात, काय पुन्हा करणार नाही, सगळं लिहा. लांबलं तरी चालेल.

*

आम्ही नवरा-बायको निवृत्तीनंतर नऊ वर्षं फिरतोय आणि माझा पहिला हात अजूनही छतावरच्या अँटेनाच्या, गाडीच्या आतून फिरवायच्या हँडललाच जातो. टॉवरवरून येणाऱ्या चॅनेलना डेटा लागत नाही, वर्गणी लागत नाही. टॉवर ४०-५० किलोमीटरच्या आत असला आणि मध्ये डोंगर नसला, तर चित्र घरच्याइतकंच स्वच्छ येतं.

दोन सवयी मात्र लावून घ्या. मुक्काम बदलला की चॅनेल नव्याने शोधायचे. टीव्हीला कालच्या गावाचीच यादी माहीत असते, त्यामुळे अँटेना कितीही फिरवा, पडदा रिकामाच दिसतो. मेनूत जाऊन ऑटो स्कॅन लावायचा आणि तो पूर्ण होऊ द्यायचा. दुसरी सवय, अँटेना फिरवताना दम धरायचा. जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या, त्या कमी-जास्त झाल्या की कुठे वळवायचं ते कळायचं. डिजिटलमध्ये चित्र असतं तरी, नाहीतर चौकोन फुटून गायब तरी होतं. म्हणून हँडल जरासं फिरवायचं, पाच-सहा सेकंद थांबायचं, सिग्नलचा आकडा बघायचा, मग पुढे. बाबांकडे हे काम द्या, त्यांना आवडेल.

भिंतीवर बटणाएवढा एक स्विच आणि शेजारी बारीक दिवा असेल. तो अँटेनातल्या बूस्टरला, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या भागाला, त्याच केबलमधून १२ व्होल्ट पाठवतो. अँटेनावर बघताना दिवा लागलेला हवा. कॅम्पच्या खांबावरची केबल टीव्हीची वायर जोडलीत तर विझलेला. आमची एक अख्खी संध्याकाळ टीव्ही बिघडला असं समजण्यात गेली. तो दिवा विझलेला होता, एवढंच.

आणि मनापासून सांगतो, निघताना अँटेना खाली घ्या. मी एकदा तसाच उभा ठेवून गाडी काढली. दहा मीटरवर झाडाची फांदी होती. अँटेना मुळासकट उखडला, छताला मूठभर भोक पडलं आणि त्याच रात्री पाऊस आला. तेव्हापासून अँटेना वर केला की गाडीची किल्ली त्याच हँडलला अडकवतो. ती काढल्याशिवाय गाडीच सुरू होत नाही.

*

वरच्या दादांना जोडून एवढंच : काही भागांत छोट्या टॉवरवरचं प्रक्षेपण आडव्याऐवजी उभ्या ध्रुवीकरणाचं असतं, म्हणजे लहरी उभ्या येतात. शेजारच्या गाड्यांचे अँटेना बघा. सगळ्यांच्या काड्या उभ्या दिसल्या तर आपलाही ९० अंशांत फिरवून उभा करायचा. मला हे एका शेजारणीने सांगेपर्यंत दोन दिवस गेले होते.

*

माझी बाजू डिशची. आम्ही गावांपासून फार लांब जाऊन राहतो, तिथे टॉवर पोचत नाही. टीव्हीचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर साधारण ३६,००० किलोमीटरवर असतो आणि पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून आपल्याला तो आभाळात एकाच जागी टांगल्यासारखा सापडतो. उत्तर गोलार्धात डिशचं तोंड दक्षिणेकडच्या आभाळाला, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडच्या. विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितका तो क्षितिजाकडे खाली येतो आणि मग शेजारची उंच गाडीसुद्धा आड येते.

खरा शत्रू झाड. ओली पानं तर सिग्नल गिळूनच टाकतात. दुपारी सावली हवी म्हणून झाडाखाली गाडी लावली आणि संध्याकाळी डिश आंधळी, हे आम्ही इतक्यांदा केलंय की शेवटी छतावरची घुमटवाली डिश काढून तिपाईवरची घेतली. गाडी सावलीत, डिश १५ मीटरवर उन्हात. घुमटवाली स्वतःच उपग्रह शोधते, हे सुख मोठं आहे, पण ती गाडीबरोबर सावलीत अडकते.

तिपाईवरच्या डिशला तीन कोन द्यावे लागतात : दिशा, उंची आणि एलएनबीचा, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल झेलणाऱ्या डबीचा, तिरकेपणा. मोबाइलच्या ॲपवर ठिकाण घातलं की तिन्ही मिळतात. पण ते आकडे खांब ओळंब्यात असेल तरच खरे. एकदा सलग तीन संध्याकाळी मला सिग्नलच मिळेना. दिशा बरोबर, उंची बरोबर, केबल बदलून झाली. चौथ्या दिवशी सकाळी दव सुकायच्या आत बाहेर आले तर तिपाईचा एक पाय मऊ मातीत बोटभर रुतलेला दिसला. डिशची नजर इतकी अरुंद असते की एक-दोन अंश हलली तरी उपग्रह हातचा जातो. आता तिन्ही पायांखाली लाकडी फळ्या ठेवते, बुडबुड्याची लेव्हल खांबाला टेकवते आणि मधोमध पाण्याचा कॅन लटकवते, म्हणजे वाऱ्यानेही हलत नाही.

जोराचा पाऊस आला की चित्र जातं, त्याला इलाज नाही. वीस मिनिटं थांबायचं. आणखी एक, लांबच्या प्रवासात उपग्रहाच्या क्षेत्राबाहेर गेलात तर कितीही कोन लावा, काही दिसणार नाही. निघायच्या आधी नकाशा बघून ठेवा.

*

आमच्याकडे दोन मुलं, वयं ८ आणि १३. ती चॅनेल बघतच नाहीत, त्यामुळे आमचा सगळा कारभार इंटरनेटवर. पहिल्या सहलीत सहाव्या दिवशी महिन्याचा डेटा संपला. तेव्हा कुठे हिशेब शिकलो. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की साध्या दर्जाला तासाला १ जीबीपर्यंत जातो, एचडीला ३ आणि ४केला ७. गाडीतल्या छोट्या पडद्यावर साधा आणि एचडी यांत मुलांना फरक ओळखता आला नाही, मी मुद्दाम विचारलं. ॲपमध्ये दर्जा 'ऑटो'वर सोडू नका. सिग्नल चांगला मिळाला की तो गुपचूप वर चढतो.

कॅम्पचं वायफाय असतं, पण संध्याकाळी सगळे एकाच वेळी बघायला बसतात तेव्हा ते कामाचं नाही. सकाळी सहाला मात्र छान चालतं. त्यात टीव्हीला इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी जी स्टिक लावतो, तिच्यावर त्यांचं लॉगिनचं पान उघडत नाही. आम्ही छोटा ट्रॅव्हल राउटर घेतला. तो एकदाच लॉगिन करतो, घरातली सगळी यंत्रं त्याला जोडलेली. मुक्काम बदलला तरी मुलांना पासवर्ड विचारावा लागत नाही.

यंदा स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून येणारं इंटरनेट, घेतलं. त्याचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आणि सतत पळते, म्हणून त्याला आभाळाचा एक बिंदू पुरत नाही, मोठा तुकडा मोकळा लागतो. मध्ये एखादं झाड आलं तर पूर्ण बंद पडत नाही, अधूनमधून काही सेकंद अडतं. मालिकेत ते कळतही नाही, कारण पुढचा भाग आधीच भरून घेतलेला असतो. थेट मॅचमध्ये मात्र नेमका मोक्याचा क्षण जातो.

*

सगळे सिग्नलचं बोलतायत, मी विजेचं बोलतो. कॅम्पची वीज जोडलेली असेल तर हे सोडून द्या. पण रानात राहणार असाल तर आधी हा हिशेब.

२४ इंचांचा १२ व्होल्टवर चालणारा टीव्ही साधारण ३० वॉट खातो, म्हणजे अडीच अँपिअर. तीन तास बघितलात तर साडेसात अँपिअर-अवर, बॅटरीतला साठा याच मापात मोजतात. १०० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मेच वापरावेत, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे हाताशी ५०, त्यातून पंप, दिवे, थंडीत हीटरचा पंखा. एकटा टीव्ही सहज बसतो. त्यावर स्टारलिंकची मोठी तबकडी लावली की खर्च टीव्हीच्या दुपटीहून जास्त वाढतो. कार्यक्रम संपला की ती बंद करायला विसरू नका. घरचा टीव्ही इन्व्हर्टरवर चालवलात तर इन्व्हर्टर स्वतःचाही वाटा घेतो, टीव्ही बंद असला तरी.

'१२ व्होल्टचा' टीव्ही घेताना तो किती व्होल्टपर्यंत सोसतो ते बघा. चार्ज होत असताना गाडीत १४.४ व्होल्टपर्यंत चढतं. तेवढं सोसत नसेल तर मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर हवाच. माझा पहिला टीव्ही याच कारणाने गेला.

आणि अँटेनावाल्यांसाठी एक अनुभव. आमच्याकडे रोज रात्री आठला ठरावीक चॅनेल जायचे. आम्ही टॉवरला दोष देत बसलो. एके दिवशी बायकोने जेवणाच्या टेबलावरचा दिवा बंद केला आणि चित्र परत आलं. पुन्हा लावला, पुन्हा गेलं. स्वस्त एलईडी बल्बच्या आतलं सर्किट रेडिओ लहरींत खडखडाट करतं, तोच अँटेना उचलत होता. बल्ब बदलला, प्रश्न मिटला.

*

माझा सल्ला छोटा : काहीतरी डाउनलोड केलेलं जवळ ठेवाच. निघायच्या आदल्या रात्री फ्लाइट मोड लावून प्रत्येक भाग एकदा उघडून बघा. काही डाउनलोड ठरावीक दिवसांनी बंद पडतात, काही एकदा सुरू केले की ४८ तासांत संपवावे लागतात. आणि फोन केबलने टीव्हीला जोडणार असाल तर ती घरीच जोडून बघा. टाइप-सी खाच असली म्हणजे चित्र बाहेर येतंच असं नाही. बऱ्याच फोनमध्ये ती फक्त चार्जिंग आणि डेटापुरती असते. हे मला अंधारात, भुकेल्या पोरांसमोर कळलं.

*

टीव्ही भिंतीवरच्या वळत्या स्टँडवर असेल तर निघण्यापूर्वी त्याची खिट्टी लागली का ते हाताने ओढून बघा. आमचा पहिल्याच वळणावर सुटून कपाटावर आदळला, नशिबाने खाली कुणी बसलेलं नव्हतं. आता प्रवासात तो गादीवर, पडदा खाली करून, दोन उशांच्या मध्ये झोपतो. गाडी चालू असताना चालवणाऱ्याला दिसेल असा पडदा लावूच नका, बाबांनी कितीही म्हटलं तरी.

आणि रात्री ब्लूटूथ हेडफोन. या गाड्यांच्या भिंती पातळ असतात, शेजाऱ्याला तुमच्या बातम्या शब्दन् शब्द ऐकू जातात.

*

मी धागा काढणारी. परत येऊन आठ दिवस झाले, तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय चैन पडेना.

डिश घेतली नाही, कारण आमचे बहुतेक मुक्काम गावांच्या जवळ होते. अँटेनावर भिस्त ठेवली आणि आईच्या मालिकेचे ३० भाग टॅबलेटवर उतरवून नेले. टॅबलेट टीव्हीला जोडायची एचडीएमआयची केबल घरीच तपासली. बरं झालं, पहिली चालली नाही. २८ रात्रींपैकी १९ रात्री बाबांना बातम्या मिळाल्या, मी वहीत खुणा केल्यात. दोन रात्री दरीत होतो, तिथे काहीच आलं नाही. उरलेल्या रात्री बाबा आईबरोबर मालिका बघायला बसले. आता त्यांनाही त्यातल्या सुनेची काळजी लागली आहे.

हँडल बाबांकडे दिलं होतं. गाडी थांबली की चहाच्याही आधी ते छताखाली उभे राहायचे, एक हात हँडलवर, चष्मा कपाळावर. आई टीव्हीसमोर. ते जरासं फिरवायचे आणि पाच सेकंद मोजायचे, मोठ्याने.

"आलं का?"

"थांबा. आलं, आलं... गेलं. मागे घ्या थोडं."

लग्नानंतर पहिला टीव्ही घेतला तेव्हा बाबा गच्चीवर आणि आई खिडकीत उभी राहून हेच बोलायचे, असं आईने तिथे पहिल्यांदा सांगितलं. मी चहा ठेवला आणि मध्ये बोलले नाही.