तंजावरचं श्वार्ट्झ चर्च सरफोजी राजांनी बांधलं का?

निपाणीकर
नमस्कार मंडळी. सुट्टीत घरच्यांना घेऊन तंजावरला निघालोय. मोठं देऊळ (बृहदीश्वर) आणि सरस्वती महाल ग्रंथालय ठरलेलंच आहे. शिवगंगा किल्ल्यातल्या लुथरन मिशनच्या जुन्या चर्चबद्दल मात्र बऱ्याच ठिकाणी वाचतो की तंजावरच्या भोसले घराण्यातल्या सरफोजी राजांनी ते 1779 साली आपल्या गुरूसाठी बांधलं. खरं आहे का हे? आत बघण्यासारखं काय आहे?

शहापूरचे मास्तर
साल बरोबर, नाव चुकलंय. सरफोजींचा जन्म 1777 चा. चर्च झालं तेव्हा ते दोन वर्षांचे होते, तुळजाराजांना दत्तकसुद्धा गेले नव्हते. गादीवर तेव्हा हे तुळजाराजेच होते. चर्च उभं राहिलं ते ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या खटपटीने. हा माणूस 1750 साली डॅनिश-हाले मिशनतर्फे (डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने आणि जर्मनीतल्या हाले गावच्या पाद्र्यांनी चालवलेलं मिशन) आला, तमिळ शिकला आणि दरबारात बोलता यावं म्हणून मराठीही शिकला. त्याच 1779 साली कंपनीचा निरोप घेऊन तो श्रीरंगपट्टणला हैदरअलीकडे गेला होता. कर्नाटकातल्या आपल्या पोरांना हे शाळेत शिकवायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

1787 मध्ये तुळजाराजे गेले, गादी त्यांचे भाऊ अमरसिंह यांच्याकडे गेली. लहानग्या सरफोजींची काळजी श्वार्ट्झने वाहिली, मद्रासला पाठवून शिकवलं. 1798 मध्ये सरफोजी राजे झाले, पण श्वार्ट्झ त्याच फेब्रुवारीत वारला होता.

चर्चमध्ये बघायचं ते संगमरवरी शिल्प. सरफोजींनी लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतलेलं. श्वार्ट्झ अंथरुणाला खिळलेला, राजाने त्याचा हात हातात धरलाय, उशाशी गेरिके हा दुसरा पाद्री, बाजूला शाळेतली मुलं. राजा सिंहासनावर नाही, आजारी मास्तरांच्या पलंगापाशी आहे. स्वतःला असं कोरून घेणारा दुसरा मराठा राजा मला तरी माहीत नाही. घाईने बाहेर पडू नका.

आणि राजे ख्रिस्ती झाले नव्हते हो. 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरवला तोही त्यांनीच. देवळात तोही शोधा.

खानापूरची सून
मास्तर, छान सांगितलंत. मी तरंगमबाडीचं (तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं जुनं डॅनिश ठाणं) न्यू जेरुसलेम चर्च पाहिलंय, 1718 चं. श्वार्ट्झच्या मिशनची सुरुवात तिथलीच. वरून बघितलं तर क्रुसाचा आकार, जाड भिंती, चुन्याचा गिलावा, दर्शनी बाजूला डेन्मार्कच्या चौथ्या फ्रेडरिक राजाची मुकुटासह मोहोर. आपल्या बेळगावच्या कॅम्पातल्या सेंट मेरीज चर्चसारख्या टोकदार कमानी तिथे नाहीत. ते बांधणारा जर्मन पाद्री त्सीगेनबाल्ग पुढच्याच वर्षी, छत्तिसाव्या वर्षी गेला. त्याची कबर चर्चमध्येच आहे.

निपाणीकर
मास्तर, ताई, खूप आभार. तरंगमबाडी तंजावरहून एका दिवसात होईल का?

खानापूरची सून
होईल की. शंभरेक किलोमीटर, कुंभकोणम, मयिलादुथुराईवरून. सकाळी लवकर निघा. किंग स्ट्रीटवरच 1701 चं झायन चर्च आहे आणि समुद्राकाठी डॅनिश लोकांचा डान्सबोर्ग किल्ला, तेही होऊन जाईल. चर्चला कुलूप दिसलं तर परतू नका, आवारात कुणाला तरी विचारा.