रशियन ‘लोस’ला इंग्रजीत एल्क म्हणावे की मूस?

प्रश्न: सैबेरियातील वन्यजीवांविषयीचा एक रशियन अहवाल मी इंग्रजीत आणत आहे. ‘लोस’साठी (उत्तरेकडील जंगलांतले थोराड हरीण) शब्दकोशात ‘एल्क’ आणि ‘मूस’ हे दोन्ही शब्द मिळतात, तर ‘झापोवेदनिक’साठी (एक प्रकारचे संरक्षित निसर्गक्षेत्र) नुसते ‘रिझर्व्ह’ लिहायला मन धजत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: वाचक कुठले आहेत हे आधी ठरवावे. ब्रिटिश इंग्रजीत लोस म्हणजे एल्क. मात्र अमेरिकेत एल्क म्हटले की वापिटी हे वेगळेच हरीण डोळ्यांपुढे येते आणि लोसला तिथे मूस म्हणतात. वापिटीच्या जवळच्या हरणांना रशियनमध्ये ‘मराल’ आणि ‘इझ्यूब्र’ अशी नावे असल्यामुळे, एकाच परिच्छेदात दोन्ही प्राणी आले तर घोटाळा होणारच. म्हणून पहिल्या उल्लेखाशेजारी ‘आल्सेस आल्सेस’ हे शास्त्रीय नाव अवश्य द्यावे.

उत्तर २: ‘झापोवेदनिक’चे नाते ‘झापोवेद’ म्हणजे धर्माज्ञा या शब्दाशी आहे, आणि तो कडकपणा अनुवादात उतरायलाच हवा. बैकल सरोवराकाठचे बार्गुझिन झापोवेदनिक सेबल या मौल्यवान फरच्या छोट्या प्राण्याच्या रक्षणासाठी स्थापन झाले. अशा क्षेत्रात शिकार, लाकूडतोड, शेती यांना मनाई असते. म्हणून ‘स्ट्रिक्ट नेचर रिझर्व्ह’ लिहावे. ‘झाकाझनिक’ या दुसऱ्या प्रकारच्या संरक्षित क्षेत्रातील निर्बंध सौम्य असतात, त्याला ‘सँक्च्युअरी’ चालेल.

उत्तर ३: ‘एकोलोगिया’ (शब्दशः इकॉलॉजी) या रशियन शब्दाबाबतही जपून राहावे. ‘प्लोखाया (वाईट) एकोलोगिया’ म्हणजे बोलीत प्रदूषित परिसर. तिथे ‘बॅड इकॉलॉजी’ लिहिणे चूक ठरेल.