थोरल्याचे हिब्रू वाचन आणि बार मित्झवाची तयारी : कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

वहिनी (ठाणे) :
सर्वांना शालोम. थोरल्याला पुढच्या वर्षी तेरा पूर्ण होतील आणि बार मित्झवाला (मुलगा तेरा वर्षांचा झाल्यावरच्या ज्यू धर्मविधीला) त्याने आपल्या आठवड्याच्या पराशातील (त्या आठवड्याला नेमलेल्या पाठातील) काही पसुक (वचने) तोरातून (आपल्या धर्मग्रंथातून) वाचावेत, अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. मराठी आणि इंग्रजी तो सहज वाचतो. हिब्रूचे पान समोर आले की मात्र पहिले अक्षर ओळखून बाकीचा शब्द अंदाजाने म्हणतो. धाकटी त्याच्याहून भराभर वाचते, त्यामुळे अलीकडे तो सिदूर (प्रार्थनेचे पुस्तक) हातात घ्यायलाच टाळाटाळ करतो. इस्राएलमधील अश्दोदच्या वन्संनी तिकडे अशा मुलांना शिकवले आहे, म्हणून त्यांनी मार्ग सुचवावा.

काका (अलिबाग) :
एवढी चिंता कशाला? सगळे पसुक देवनागरीत लिहून द्यावेत आणि हज्जानकडून (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याकडून) रेकॉर्डिंग करून घ्यावे. मूल हुशार आहे, पाठ करील. पुण्याला 1874 साली छापलेल्या हग्गादातसुद्धा (वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पोथीत) हिब्रूच्या शेजारी मराठी होतेच की!

आत्या (अश्दोद) :
काका, त्या हग्गादातील मराठी म्हणजे भाषांतर होते. अर्थ कळण्यासाठी ते हवेच, पण हिब्रू वाचण्याचे काम ते करत नव्हते. देवनागरीत उतरवलेल्या पसुकाची अडचण अशी की ताव आणि तेत दोन्ही ‘त’ होतात, काफ आणि कोफ दोन्ही ‘क’ होतात, सामेख आणि सीन दोन्ही ‘स’ होतात. म्हणजे ज्या अक्षरांशी त्याची ओळख पक्की व्हायला हवी, तीच नेमकी नजरेआड जातात. शिवाय सेफेर तोरामध्ये (तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत) निकूदही (स्वरांच्या खुणा) नसते आणि सुरांच्या खुणाही नसतात, तेव्हा त्या दिवशी देवनागरीचा कागद त्याच्या काही उपयोगाचा नाही. रेकॉर्डिंग सुरासाठी अवश्य ऐकावे, परंतु त्या पसुकांचे वाचन स्थिर झाल्यानंतर. आधीच ऐकवले तर कान पाठ करतील आणि डोळे स्वस्थ बसतील.

वहिनी, तो दोन लिप्या उत्तम वाचतो, यावरून मूळ वाचनशक्तीत दोष असण्याची शक्यता मला कमी वाटते. मराठीतही तो असाच अडखळत असता, तर मी प्रथम तज्ज्ञांना दाखवायला सांगितले असते. बहुधा लहानपणी काही अक्षरे आणि काही खुणा कच्च्या राहिल्या आहेत आणि त्या झाकण्यासाठी तो अंदाज लावतो. म्हणून सुरुवातीला त्याला निकूद असलेले अर्धे पान सावकाश वाचू द्यावे, मध्ये एकदाही टोकू नये आणि चुका शेजारच्या कागदावर टिपून घ्याव्यात. चुका पुष्कळ दिसतील, पण त्यांची कुळे थोडीच निघतील : बेत आणि काफ, दालेत आणि रेश, हे आणि हेत, वाव आणि झाइन, शब्दाच्या शेवटी येणारा मेम आणि सामेख. दालेत-रेशचा घोटाळा हा काही त्याच्या एकट्याचा नाही. शेमा या प्रार्थनेतील ‘एहाद’ (एक) या शब्दाचा दालेत सेफेरमध्ये मुद्दाम मोठा लिहितात, आणि त्याचे एक कारण असे सांगतात की तो रेश वाचला गेला तर ‘एक’च्या जागी ‘दुसरा’ असा भलताच अर्थ होईल. हे त्याला जरूर सांगा, म्हणजे त्याची लाज थोडी कमी होईल.

एका वेळी गोंधळाची एकच जोडी घ्यावी, आणि त्या जोडीतले एक अक्षर पक्के झाल्यावरच दुसरे समोर आणावे. बाराव्या वर्षी चित्रांची बालपोथी पुन्हा उघडायला लावणे हा त्याचा अपमान ठरेल. सरावाचे शब्द त्याच्याच पराशातून निवडावेत. त्यांच्या जोडीला अर्थ नसलेली सुटी अक्षरजोडणीही द्यावी, कारण तिथे अंदाजाला वावच राहत नाही. स्वरांचे ओझे तसे हलके आहे : कामात्स आणि पताह दोन्ही बहुतेक ठिकाणी ‘आ’, त्सेरे आणि सेगोल दोन्ही ‘ए’. शेवा (अक्षराखालची दोन टिंबांची खूण) कधी उच्चारायचा आणि कधी नाही, हे मात्र हळूहळू बसते, त्याची घाई करू नये. एक खोच वेगळी सांगावी लागेल. खूण अक्षराखाली असली तरी आधी अक्षर आणि मग स्वर, हा नेहमीचा क्रम. पण शेवटच्या हेतखाली पताह आला तर स्वर आधी म्हणायचा, म्हणून ‘रूआह’, ‘रूहा’ नव्हे. मराठी मूल इथे हटकून चुकते.

भाऊजी (दिमोना) :
ताईंच्या म्हणण्यात एक भर घालतो. इकडच्या शाळांतही तिसरी-चौथीच्या सुमारास पुस्तकांतून निकूद कमी होत जाते आणि तोवर बरी वाचणारी मुलेही तिथे अडकतात. त्या वेळी कामी येते ती शब्दाच्या मुळाची ओळख. ‘मेलेख हाओलाम’ (जगाचा राजा) आपण सगळेच म्हणतो. त्यातील मेम, लामेद, काफ ही तीन अक्षरे ‘मल्का’ (राणी) आणि ‘मल्खूत’ (राज्य) या शब्दांतही आहेत, हे एकदा दिसले की निकूद नसतानाही मुलगा आधार शोधू शकतो.

काका (अलिबाग) :
बरे, देवनागरीचा आग्रह मी सोडतो. पण चुका काढायच्या नाहीत, तर त्या सुधारणार कशा?

आत्या (अश्दोद) :
काका, न टोकणे फक्त त्या पहिल्या तपासणीपुरते आहे. नंतर चूक झाली की बरोबर शब्द आपण सांगायचा नाही, त्या अक्षरावर बोट ठेवून थांबायचे. त्याने स्वतः दुरुस्त केले, तर तो शब्द त्याचा झाला. वेगाचा विषय तूर्त काढूच नये, आणि धाकटीला त्याच्यासमोर वाचायला बसवू नये.

वहिनी (ठाणे) :
वन्सं, हे आमच्याच्याने होईल असे वाटते. शब्बाथ (विश्रांतीचा दिवस) सोडून रोज रात्री जेवणापूर्वी दहा मिनिटे बसवीन. शिकवणी लावावी का?

आत्या (अश्दोद) :
सध्या नको. तपासणीचा कागद आणि पराशाच्या पहिल्या पानाचा फोटो मला स्वतंत्र पाठवा, ग्रुपवर टाकू नका. तोही हा ग्रुप वाचतो. तुमच्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा इथे उन्हाळी वेळेप्रमाणे साडेपाच झालेले असतात, तेव्हा रविवारी आणि बुधवारी मी व्हिडिओवर त्याच्याबरोबर बसेन. त्या वेळी खोलीत तुम्ही कोणी थांबू नका.