प्रतिसाद: कर्सरची जागाही तपासा

क्यूटी (प्रोग्राम लिहायची तयार साधनपेटी) आवृत्ती ५ वरून ६ वर जाताना, नव्या आवृत्तीतून काढून टाकलेली फंक्शनं बदलली की टेक्स्ट एडिटरचं काम झालं, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. कंपाइल होण्यापुरतं ठीक, पण तेवढ्यावर थांबू नका. मजकुराची रुंदी सांगणाऱ्या जुन्या 'विड्थ' फंक्शनच्या जागी नवं 'हॉरिझॉन्टलॲडव्हान्स' मीही घातलं, लिनक्स-विंडोज दोन्हीकडे चाललं. मग इथे सोलापुरात चादरीच्या कारखान्याची लेबलं टाइप करताना 'सिद्धेश्वर' लिहिलं आणि कर्सर शब्दाच्या बराच पुढे जाऊन उभा!

युनिकोडमध्ये (संगणकावर लिपी साठवायची पद्धत) या शब्दाची चिन्हं १०, डोळ्यांना अक्षरं चारच. माझा जुना कोड एकेका चिन्हाची रुंदी मोजून बेरीज करत होता, जोडाक्षरात ती चुकणारच. आता ओळ क्यूटीच्याच 'क्यूटेक्स्टलेआउट'कडे (अख्ख्या ओळीची मांडणी करणारा भाग) देतो आणि कर्सरची जागा 'कर्सरटूएक्स' या फंक्शनला विचारतो. कृपया चाचणीत मराठीची एक ओळ तरी ठेवाच.